पुतळ्यावरचे शब्द : विल्यम गिल्बर्टची गोष्ट

वाचण्याआधी

तुमची एखाद्या जिवलग मित्राशी किंवा मैत्रिणीशी कधी कट्टी झाली आहे का? कशावरून झाली होती? ते कारण आज मोठं वाटतं की छोटं? एवढा विचार करा आणि मग पाठ वाचायला घ्या. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.

१. नदीकाठची बाग

कधी लंडनला गेलात, तर एम्बँकमेंट स्टेशनवर उतरा. बाहेर पडलात की समोर थेम्स नदी दिसेल आणि शेजारी एक लांबट बाग. बागेतून चालत चालत सॅव्हॉय हॉटेलच्या मागे या. तिथे एका उंच दगडी चौथऱ्यावर एका माणसाचा अर्धपुतळा आहे. चौथऱ्याला टेकून एक बाई रडते आहे. ती अर्थातच धातूची आहे, पण तिचं दुःख अगदी खरं वाटतं.

हा पुतळा आर्थर सुलिव्हनचा. तो मोठा संगीतकार होता. १९०० साली तो वारला आणि १९०३ साली हा पुतळा इथे उभा राहिला. जवळ जाऊन पाहिलंत, तर दगडावर कवितेच्या काही ओळी कोरलेल्या दिसतील. आयुष्य फार लवकर संपतं, असा काहीसा त्यांचा भाव आहे. पण या ओळी सुलिव्हनने लिहिलेल्या नाहीत. त्या विल्यम गिल्बर्टच्या आहेत. दोघांनी मिळून केलेल्या एका नाटकातल्या गाण्याचे ते शब्द.

म्हणजे बघा, पुतळा एकाचा आणि शब्द दुसऱ्याचे. आणि गंमत अशी, की शेवटची दहा वर्षं या दोघांचं एकमेकांशी धड पटत नव्हतं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. तेही कशावरून, तर एका गालिच्यावरून!

ही गोष्ट त्या शब्दवाल्या माणसाची आहे. पण सूरवाल्याशिवाय ती सांगता येत नाही.

२. ज्याच्याकडे अशील येत नव्हते असा वकील

विल्यम श्वेंक गिल्बर्टचा जन्म १८ नोव्हेंबर १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. घर होतं स्ट्रँडजवळच्या साउथॅम्पटन स्ट्रीटवर. आत्ताच आपण ज्या बागेत उभे होतो ना, तिथून चालत काही मिनिटांवर. त्याचे वडील आरमारात डॉक्टर होते. घरी विल्यमला 'बॅब' म्हणायचे.

विल्यम अगदी लहान असताना घरचे सगळे इटलीला गेले होते. तिथे नेपल्स शहरात चोरांनी त्याला पळवून नेलं आणि वडिलांनी पैसे देऊन सोडवलं, अशी एक गोष्ट सांगतात. ती किती खरी आणि किती तिखटमीठ लावलेली, कोण जाणे. पण गिल्बर्टच्या नाटकांत हरवलेली, अदलाबदल झालेली मुलं मात्र पुन्हा पुन्हा येतात.

मोठा झाल्यावर त्याला सैन्यात जायचं होतं. तो तयारी करत होता, तेवढ्यात क्रिमियाचं युद्धच संपलं. मग त्याने सरकारी कचेरीत कारकुनी केली. ती त्याला मुळीच आवडली नाही. पुढे तो वकील झाला, पण त्याच्याकडे अशील फारसे येईनात. मग हा रिकामा वकील करणार काय? तो कविता लिहू लागला. 'फन' नावाच्या एका विनोदी साप्ताहिकात त्याच्या गमतीदार कविता छापून यायच्या. सोबतची चित्रंही तोच काढायचा आणि खाली सही करायचा, 'बॅब'.

या कवितांमधलं जग उलटंपालटं असायचं. एखादी वेडगळ गोष्ट खरी मानायची आणि मग अगदी काटेकोर वकिली डोक्याने तिचं पुढे काय होईल ते सांगायचं, ही त्याची पद्धत. वकिली चालली नाही खरी, पण ती अशी कामाला आली.

स्वभावाने गिल्बर्ट तापट होता. चटकन रागवायचा आणि पटकन वकिलाची नोटीस पाठवायचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

३. बँडमास्तरचा मुलगा

आर्थर सुलिव्हन गिल्बर्टपेक्षा साडेपाच वर्षांनी लहान. त्याचा जन्म १३ मे १८४२ रोजी लंडनच्या लॅम्बेथ भागात झाला. घरची परिस्थिती साधारणच. वडील सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात बँडमास्तर होते. छोटा आर्थर त्यांच्या मागे मागे बँडच्या खोलीत जायचा. आठ वर्षांचा होईपर्यंत तो बँडमधली जवळजवळ सगळी फुंकून वाजवायची वाद्यं वाजवायला शिकला.

१८५६ साली मेंडेल्सोन यांच्या नावाची शिष्यवृत्ती पहिल्यांदाच दिली गेली. ती या चौदा वर्षांच्या मुलाला मिळाली. पुढे तो शिकायला जर्मनीतल्या लाइपझिग शहरात गेला. परत आल्यावर, १८६२ साली, शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'साठी त्याने केलेलं संगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये वाजलं आणि वीस वर्षांच्या आत त्याचं नाव झालं. हा आता इंग्लंडचा मोठा, गंभीर संगीतकार होणार, असं सगळ्यांना वाटू लागलं. त्यालाही तसंच वाटत होतं.

सुलिव्हनचा स्वभाव गिल्बर्टच्या अगदी उलट. गोड बोलणारा, सर्वांना आवडणारा, राजघराण्यातल्या लोकांच्या ओळखीचा. पण मुतखड्याच्या दुखण्याने तो तरुणपणापासून हैराण असायचा. इतकं हसरं संगीत त्याने कित्येकदा वेदना सोसत लिहिलं आहे.

४. बर्फाळ सकाळ

दोघांनी पहिलं नाटक १८७१ साली केलं. त्याचं नाव 'थेस्पिस'. ते थोडे दिवस चाललं आणि बंद पडलं. आज त्याचं बहुतेक संगीत हरवलेलं आहे. दोघं आपापल्या कामाला लागले.

त्यांना पुन्हा एकत्र आणलं रिचर्ड डॉयली कार्ट या माणसाने. तो नाटकांचा व्यवस्थापक होता आणि त्याची नजर पक्की होती. १८७५ साली त्याला एक छोटं संगीत नाटक हवं होतं. गिल्बर्टकडे कोर्टातल्या एका खटल्यावरचं नाटुकलं तयार होतं. कार्टने त्याला सांगितलं, की हे सुलिव्हनला जाऊन वाचून दाखव.

बाहेर बर्फ पडत होतं. गिल्बर्ट सुलिव्हनच्या घरी गेला आणि वाचायला लागला. जसजसं वाचत गेला, तसतसा त्याचा आवाज चिडका होत गेला. आपलंच लिखाण आपल्याला आवडलेलं नाही, असा त्याचा चेहरा. शेवटचा शब्द वाचून त्याने कागद फटकन मिटले. आणि सुलिव्हन? तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसत होता! ही आठवण पुढे सुलिव्हननेच सांगितली.

तीन-एक आठवड्यांत संगीत तयार झालं. २५ मार्च १८७५ रोजी सोहोमधल्या रॉयल्टी थिएटरमध्ये 'ट्रायल बाय ज्युरी' रंगमंचावर आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्यातल्या न्यायाधीशाचं काम सुलिव्हनच्या सख्ख्या भावाने, फ्रेडने केलं होतं.

५. आधी शब्द, मग चाल

मराठीत आपण म्हणतो, अमक्याने गीत लिहिलं आणि तमक्याने चाल लावली. तुमच्या घरी आजी-आजोबा 'गीतरामायण' ऐकत असतील. त्याचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाली सुधीर फडक्यांच्या. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप तोंडात येतं. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट आणि सुलिव्हन ही तशीच जोडी.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. गिल्बर्ट आधी गोष्ट रचायचा, ती पुन्हा पुन्हा लिहायचा, मग गाणी लिहून पाठवायचा. सुलिव्हन ते शब्द समोर ठेवून आधी फक्त ठेका शोधायचा. सूर नंतर. एकच ओळ चार-पाच वेगवेगळ्या ठेक्यांत लिहून बघायचा आणि मग त्यातला एक निवडायचा. म्हणूनच त्यांच्या गाण्यांतले शब्द कितीही भरभर आले तरी कळतात.

नाटक बसवायचं कामही गिल्बर्टच करायचा. त्याच्या घरी रंगमंचाची एक छोटी प्रतिकृती होती. तिच्यावर तो लाकडी ठोकळे मांडायचा. पुरुषांसाठी उंच ठोकळे, बायकांसाठी थोडे बुटके. कोण कुठे उभा राहील, कोण कधी वळेल, हे सगळं तालमीच्या आधीच ठरलेलं. तेव्हा नट आपल्या मनाने काहीही करायचे, मध्येच विनोद घुसवायचे. गिल्बर्टला ते अजिबात चालायचं नाही. विनोद जितक्या गंभीर चेहऱ्याने कराल तितका तो जास्त हसवेल, असं त्याचं मत होतं.

आता थोडं आपल्याकडे बघू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. मराठी संगीत नाटकाची खरी सुरुवात आपण तिथून मानतो. त्याच वर्षी लंडनमध्ये गिल्बर्ट-सुलिव्हनचं नवं नाटक गर्दी खेचत होतं. पण दोन्हीकडची रीत वेगळी होती. किर्लोस्करांनी बहुतेक पदं लोकांच्या ओळखीच्या चालींवर लिहिली. म्हणजे चाल आधी आणि शब्द नंतर. लंडनमध्ये शब्द आधी आणि चाल नंतर. दोन्हीकडे लोक गाणी गुणगुणत घरी जात होते!

६. पायलट की पायरेट?

१८७८ साली 'एच. एम. एस. पिनाफोर' आलं. त्यातला आरमाराचा सर्वात मोठा अधिकारी कधी समुद्रावर गेलेलाच नसतो. लोकांना लगेच कळलं की टोला कुणाला आहे. कारण त्या वेळी सरकारने आरमाराचा कारभार ज्यांच्याकडे दिला होता, ते होते डब्ल्यू. एच. स्मिथ. हो, तेच! ज्यांच्या नावाची पुस्तकांची आणि वर्तमानपत्रांची दुकानं तुम्ही रेल्वे स्टेशनवर पाहिली असतील. लोक त्यांना 'पिनाफोर स्मिथ' म्हणू लागले.

'पिनाफोर' लंडनमध्ये ५७१ वेळा झालं. अमेरिकेत तर त्याची साथच आली. पण तिथे ब्रिटिश लेखकांचे हक्क कुणी मानत नसे. कुणीही यावं, नाटक करावं, पैसे कमवावेत. गिल्बर्ट, सुलिव्हन आणि कार्टला त्यातलं काहीच मिळेना. मग तिघं सरळ अमेरिकेला गेले. पुढचं नाटक त्यांनी ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्कमध्येच पहिल्यांदा केलं. पहिल्या अंकाचं संगीत सुलिव्हन घरीच विसरून आला होता. ते त्याला आठवून आठवून पुन्हा लिहावं लागलं.

त्या नाटकाचं नाव 'द पायरेट्स ऑफ पेन्झान्स'. त्याची गोष्ट ऐकाच. फ्रेडरिक नावाच्या मुलाला त्याच्या वडिलांनी पायलटकडे शिकायला ठेवायला सांगितलेलं असतं. तेव्हा पायलट म्हणजे बंदरात जहाजांना वाट दाखवणारा. पण त्याची दाई जरा कमी ऐकते. तिला ऐकू येतं 'पायरेट' आणि ती त्याला समुद्री चाच्यांकडे ठेवते! त्याने एकविसाव्या वाढदिवसापर्यंत चाच्यांची चाकरी करायची असा करार होतो. वयाची एकवीस वर्षं भरतात, तो आनंदात निघतो, आणि तेवढ्यात कळतं की त्याचा जन्म २९ फेब्रुवारीचा आहे. वाढदिवस चार वर्षांतून एकदा. म्हणजे एकविसावा वाढदिवस यायला त्याला म्हातारं व्हावं लागणार!

बघा, एका चुकीच्या ऐकलेल्या शब्दावर गिल्बर्टने अख्खं नाटक उभं केलं. तुम्ही दोन भाषांत वाढलेले आहात. एक अक्षर बदललं की अर्थ कसा पालटतो, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

७. विजेचं थिएटर आणि खोटं जपान

नाटकांनी खूप पैसा मिळवला. त्यातून कार्टने स्वतःचं थिएटर बांधलं. सॅव्हॉय थिएटर १० ऑक्टोबर १८८१ रोजी उघडलं. पूर्ण विजेच्या दिव्यांवर चालणारी ही जगातली पहिली सार्वजनिक इमारत मानतात. सुमारे १,२०० दिवे होते. लोकांना विजेची भीती वाटायची. म्हणून कार्ट एकदा रंगमंचावर आला, पेटलेला दिवा त्याने तलम कापडात गुंडाळला आणि फोडला. कापडाला काही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी 'आयोलँथी' नाटकात पऱ्यांच्या केसांत बॅटरीवर चालणारे छोटे दिवे चमकले.

१४ मार्च १८८५ रोजी 'द मिकाडो' आलं. हे त्यांचं सर्वात गाजलेलं नाटक. त्याचे ६७२ प्रयोग सलग झाले. गोष्ट जपानमधली दाखवली आहे, पण थट्टा आहे ती इंग्लंडच्या सरकारी अधिकाऱ्यांची. त्या वर्षी लंडनच्या नाइट्सब्रिज भागात जपानी गावाचं एक प्रदर्शन भरलं होतं. जपानी बायका चालतात कशा, पंखा कसा धरतात, हे नट्यांना शिकवण्यासाठी तिथल्या लोकांची मदत घेतली होती.

तरी एक प्रश्न उरतोच. गोऱ्या नटांनी चेहरा रंगवून जपानी माणूस व्हायचं आणि गमतीदार नावं घ्यायची, हे आज अनेकांना खटकतं. तुम्हीसुद्धा शाळेत कुणी आपल्या बोलण्याची नक्कल केली तर दुखावला असाल. म्हणून आता काही जण हे नाटक वेगळ्या पद्धतीने करतात. १९८६ साली इंग्लिश नॅशनल ऑपेराने जपान काढूनच टाकलं आणि सगळी गोष्ट एका इंग्लिश हॉटेलात घडवली. तरी नाटक रंगलं, कारण थट्टा मुळात इंग्लंडचीच होती.

८. गालिचा

बाहेरून सगळं छान दिसत होतं. आत मात्र दोघांच्याही मनात काहीतरी सलत होतं.

सुलिव्हनला वाटायचं, आपण मोठं, गंभीर संगीत करायला जन्मलो आणि इथे हसवण्यात आयुष्य चाललं आहे. गिल्बर्टचे शब्द ऐकू यावेत म्हणून आपल्या सुरांना नेहमी हळू बोलावं लागतं. त्याला उलट्यापालट्या जगाचा कंटाळा आला होता. खऱ्या माणसांच्या गोष्टी हव्या होत्या. गिल्बर्टचं दुःख वेगळं. १८८३ साली राणीने सुलिव्हनला 'सर' केलं. गिल्बर्टला नाही. नाटकं दोघांची आणि मान एकाला!

१८८९ च्या डिसेंबरात 'द गोंडोलियर्स' आलं आणि तुफान चाललं. त्यानंतर गिल्बर्ट फिरायला भारतात गेला. १८९० च्या एप्रिलमध्ये परत येऊन त्याने हिशेब पाहिला. नाटक उभं करायचा खर्च ४,५०० पाऊंड! त्यात थिएटरच्या पुढच्या भागातल्या नव्या गालिच्याचे पैसेही धरले होते.

आता नीट समजून घ्या. नफ्याचे तीन सारखे भाग व्हायचे : कार्ट, गिल्बर्ट, सुलिव्हन. पण आधी खर्च वजा व्हायचा. गिल्बर्टचं म्हणणं, थिएटर कार्टचं आहे, मग गालिचा आमच्या पैशातून का? कार्टचं म्हणणं, करारात डागडुजीचा खर्च तिघांनी करायचा आहे. आवाज चढले. गिल्बर्टला वाटलं, सुलिव्हन आपल्या बाजूने उभा राहील. पण त्याच वेळी कार्ट सुलिव्हनच्या स्वप्नातल्या गंभीर ऑपेरासाठी एक मोठं नवं थिएटर बांधत होता. सुलिव्हनने कार्टची बाजू घेतली.

गिल्बर्ट कोर्टात गेला. कोर्टाने कार्टला त्याचे पैसे द्यायला लावले. म्हणजे गिल्बर्ट जिंकला. पण काय जिंकला? थोडे पैसे. आणि काय गेलं, ते तुम्हीच ठरवा.

सुलिव्हनची 'आयव्हॅन्हो' १८९१ च्या जानेवारीत नव्या थिएटरात आली. दीडशेच्या वर प्रयोग झाले, पण एवढं मोठं थिएटर तेवढ्यावर चालेना. ते विकावं लागलं. ती इमारत आज पॅलेस थिएटर म्हणून ओळखली जाते. हॅरी पॉटरचं नाटक बघायला गेला असाल, तर तुम्ही सुलिव्हनच्या स्वप्नातच बसून आला आहात!

९. न बोलता केलेला नमस्कार

काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले. आणखी दोन नाटकं केली. पण पहिल्यासारखं रंगलं नाही. शेवटचं नाटक १८९६ साली आलं आणि लवकरच उतरलं. एकूण नाटकं झाली चौदा.

१७ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांच्या एका जुन्या नाटकाचा एकविसावा वाढदिवस होता. प्रयोग संपल्यावर लोकांनी दोघांना बोलावलं. दोघं रंगमंचावर आले, लोकांना नमस्कार केला आणि एकमेकांशी एक शब्दही न बोलता निघून गेले.

सुलिव्हनची तब्येत ढासळत गेली. मृत्यूच्या थोडे दिवस आधी गिल्बर्टने त्याला पत्र लिहिलं, की झालं गेलं विसरून हात मिळवू. पण प्रत्यक्ष भेट काही झाली नाही. २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुलिव्हन वारला. वय अवघं ५८. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याला मोठ्या मानाने पुरलं. गिल्बर्ट तेव्हा इजिप्तमध्ये होता. मित्र गेल्याचं त्याला तिथे कळलं.

गिल्बर्ट आणखी दहा वर्षं जगला. १९०७ साली तोही 'सर' झाला, सुलिव्हननंतर चोवीस वर्षांनी. लंडनबाहेर हॅरो वील्ड इथे 'ग्रिम्स डाइक' नावाच्या मोठ्या घरात तो पत्नी लूसीबरोबर राहायचा. बागेत त्याने एक तळं करून घेतलं होतं. २९ मे १९११ रोजी दोन तरुण मुली तिथे पोहायला आल्या होत्या. त्यातल्या एकीचा तळाला पाय लागेना, ती घाबरून ओरडली. ७४ वर्षांचा गिल्बर्ट तिला वाचवायला पुढे गेला. ती वाचली. पण पाण्यातच त्याचं हृदय थांबलं. लोकांच्या मते हा माणूस खडूस होता. पण कुणी हाक मारली तेव्हा तो क्षणभरही थांबला नाही.

ते घर आज हॉटेल आहे. हॅरोमध्ये आता कितीतरी भारतीय कुटुंबं राहतात. तुमच्यापैकी कुणी तिथल्या एखाद्या लग्नाला नाहीतर वाढदिवसाला गेलंही असेल!

१०. मागे काय राहिलं?

दोघांनी वेगवेगळं केलेलं काम आज फार थोड्यांना माहीत आहे. गिल्बर्टला स्वतःची गंभीर नाटकं प्रिय होती. सुलिव्हनला 'आयव्हॅन्हो' प्रिय होती. ती आता क्वचितच होतात. ज्या नाटकांना दोघं हलकी समजायचे, तीच टिकली. कार्टची नाटक कंपनी १९८२ पर्यंत ती करत राहिली. आजही ब्रिटनमधल्या गावागावांत हौशी मंडळी ती करतात.

पुढे आलेल्या संगीत नाटकांनीही त्यांच्याकडून खूप घेतलं. 'पायरेट्स'मध्ये एका मेजर-जनरलचं गाणं आहे. श्वास न घेता आपलं सगळं ज्ञान सांगायचं, असं ते गाणं. त्याच्या चालीवर पुढे टॉम लेहररने रसायनशास्त्रातल्या मूलद्रव्यांची नावं बसवली. तुमच्या शाळेत कदाचित ऐकलं असेल. आणि 'हॅमिल्टन' नाटकात जॉर्ज वॉशिंग्टन जेव्हा पहिल्यांदा येतो, तेव्हा त्याच गाण्यातले काही शब्द त्याच्या तोंडी आहेत. म्हणजे लेहररने चाल घेतली आणि शब्द सोडले. 'हॅमिल्टन'ने शब्द घेतले आणि चाल सोडली.

गिल्बर्टची स्मृती जपणारा धातूचा चेहराही एम्बँकमेंटवरच आहे, नदीकाठच्या भिंतीवर. सुलिव्हनच्या पुतळ्यापासून तो काही मिनिटांच्या अंतरावर. दोघं शेजारी शेजारी नाहीत. मधून रस्ता जातो, गाड्या धावतात. पण बागेतल्या पुतळ्याखाली शब्द गिल्बर्टचेच आहेत. कधी गेलात, तर दोन्ही ठिकाणी जा. आणि तुमची कुणाशी कट्टी असेल, तर येताना वाटेत त्याला किंवा तिला एक फोन करा.

शब्दार्थ

अर्धपुतळा : डोकं आणि छातीपर्यंतचा पुतळा
चौथरा : दगडाचा उंच ओटा
अशील : वकिलाकडे काम घेऊन येणारा माणूस
तिखटमीठ लावणे : गोष्ट रंगवून, वाढवून सांगणे
डोक्यावर घेणे : खूप कौतुक करणे
चाल लावणे : गाण्याच्या शब्दांना सूर देणे
ठेका : तालाची ठरलेली रीत
प्रतिकृती : मोठ्या वस्तूची छोटी नक्कल
चाचा : समुद्रावरचा दरोडेखोर
सलणे : मनात टोचत राहणे
डागडुजी : छोटी दुरुस्ती
हौशी : पैशासाठी नाही, आवडीसाठी करणारा

प्रश्न

१. गिल्बर्टला वकिलीचा काय उपयोग झाला?
२. सुलिव्हन आणि गिल्बर्ट यांना प्रत्येकाला कशाचं वाईट वाटत होतं? दोन-दोन वाक्यांत लिहा.
३. गालिच्याच्या भांडणात तुम्हाला कुणाची बाजू पटते? का?
४. 'जिंकला, पण काय जिंकला?' या विषयावर वर्गात बोला.

करून पाहा

घरातल्या मोठ्या माणसांना त्यांचं आवडतं मराठी नाट्यगीत विचारा. ते कुणी लिहिलं आणि चाल कुणाची आहे, ते शोधा. मग मराठीतले असे दोन शब्द लिहा, ज्यांत एकच अक्षर वेगळं आहे पण अर्थ पूर्ण वेगळा. त्यावरून एखादी उलटीपालटी गोष्ट रचा, गिल्बर्टसारखी!